आरसेबाईंचा दावा

आरसेबाई पहिल्यांदा लक्षात राहिल्या त्या शाळेच्या ग्रंथालयात, आणि त्याही वाचनाच्या मोठ्या टेबलाखाली. बाहेर दिसत होते फक्त दोन पाय आणि शेजारी काढून ठेवलेल्या चपला. मुख्याध्यापक आत आले, पाय पाहून दचकले आणि वाकून त्यांनी विचारलं, खाली कोण आहे? खालून आवाज आला, "पॉलिशवाली. जरा थांबा, हात भरलेत." मुख्याध्यापक थांबले. ते कुणासाठी थांबल्याचं त्याआधी शाळेत कुणी पाहिलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या तेव्हा कपाळावर तेलाचा पट्टा उमटला होता आणि हातात चिंधी होती. मुख्याध्यापकांनी रीतसर शंका काढली, की जी बाजू कुणालाच दिसत नाही तिला पॉलिश करायचं कारण काय. बाई म्हणाल्या, "पैसे वरच्या बाजूचेच लावलेत, साहेब. पण वरून तेल पाजायचं आणि खालून उपाशी ठेवायचं, असं केलं की लाकूड रुसतं. वर्षभरात वाकडं होतं. मग तुम्ही मला बोलावणार आणि मी म्हणणार, वेळ नाही." एवढं बोलून त्यांनी टेबलाच्या कडेशी हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला आणि लाकडात स्वतःचा भांग दिसतो का ते पाहिलं. दिसत नव्हता. त्या पुन्हा कामाला लागल्या.

आरसेबाई हे नाव तिथंच पडलं, ग्रंथपालांच्या तोंडून. पुढं ते इतकं रुळलं की दुकानदार त्यांच्या उधारीच्या पानावरही तेच लिहीत. बाईंना ते आवडत असावं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, आई-बापांनी ठेवलेलं नाव फुकटचं, हे कमावलेलं आहे.

त्यांचा कारखाना बाजारामागच्या गल्लीत होता. कारखाना म्हणजे भाड्याच्या जागेवर स्वतः उभारलेली पत्र्याची लांबट शेड, एका बाजूला तीन खिडक्या, दुसऱ्या बाजूला सायकल दुरुस्तीवाल्याची भिंत. नवरा सुतार. तो मोडलेले पाय, निखळलेले सांधे, डुगडुगणारी कपाटं सरळ करायचा, आणि मग ते सामान बाईंच्या हाती यायचं. नवरा बोलायला कमी. दिवसभरात त्याची दहा वाक्यं झाली तर बाई विचारायच्या, आज काय झालंय, बरं वाटत नाही का?

शेडमध्ये शिरणाऱ्या नव्या माणसाचं लक्ष आधी जायचं ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या तारेकडे. तारेवर चिंध्या लटकत असायच्या, एकेक वेगळी, पसरून, चिमट्यात धरलेली. सायकलवाला त्याला 'आरसेबाईंचं धुणं' म्हणायचा. पण ते धुणं नव्हतं. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी वाळताना गरम होते. पसरून ठेवली तर ती ऊब हवेत निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ऊब आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी चिंधी आपोआप धुमसायला लागते. काडी नको, ठिणगी नको. या धंद्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आपली थट्टा चाललीय असं समजतो. बाईंना हा धंदा शिकवला त्यांच्या मामांनी, आणि मामांनी पहिलं वर्षभर भाचीच्या हाती ब्रश दिलाच नाही. फक्त चिंध्या वाळत घालायला लावल्या. बाई रडकुंडीला आल्या, तेव्हा मामांनी आपला डावा हात कोपरापर्यंत उघडून दाखवला. त्यावरची कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी होती. त्यानंतर बाईंनी तक्रार केली नाही.

म्हणून तार. ओल्या चिंध्या तारेवर, खडखडीत वाळल्या की झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा दारापाशी. ही शिस्त इतकी अंगवळणी पडलेली, की नवरा जेवायला हाक मारायचा तेव्हा बाई "आले" म्हणायच्या आणि आधी तारेकडे वळायच्या.

शेडचा आगीचा विमा होता. जागेच्या मालकाची ती अटच होती. दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी विमा कंपनीचा तपासनीस येऊन जायचा. माणूस सालस, पोटाशी फाइल धरून चालणारा. तो बटणं बघायचा, वायरी बघायचा, वाळूच्या बादल्या बघायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. एका वर्षी जाता जाता तो म्हणाला, "सगळं छान आहे हो. फक्त ही दोरी काढता आली तर बघा. कारखान्यात धुणं घातल्यासारखं दिसतं."

नवरा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली तर त्या उत्तर द्यायच्या, पण नीटनेटकेपणाबद्दल आजवर कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. ते बोलणं त्यांना लागलं. तारेचं कारण सांगायचंही त्या रागात राहून गेलं. पुढच्या वर्षी तपासनीस येणार होता त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी शेड घासून काढली, खिडक्या पुसल्या, आणि चिंध्यांचा डबा गंजलेला दिसतो म्हणून त्याला हिरवा रंग दिला. डबा रंग वाळायला बाहेर ठेवला. संध्याकाळी तारेवरची एकेक चिंधी त्यांनी चाचपून पाहिली. बोटांना कोरडी लागली ती काढली. डबा ओला, म्हणून चिंध्या तेवढ्या रात्रीपुरत्या वेताच्या टोपलीत भरल्या आणि टोपली कामाच्या बाकाखाली सरकवली. खिडक्या बंद केल्या. लखलखीत शेडकडे एकदा समाधानानं पाहिलं आणि कुलूप लावलं.

त्या चिंध्यांतल्या काही जाड चादरीच्या होत्या. वरून वाळलेल्या, आतून नाही.

सकाळी बाई चहा गाळत असताना सायकलवाला धापा टाकत दारात आला. नवरा-बायको पोचली तोवर बंबानं पाणी मारून झालं होतं. छपराचे पत्रे खाली आले होते, खिडक्यांच्या जागी तीन काळी भोकं होती. बाई कुणाला न विचारता आत शिरल्या आणि ओल्या राखेतून थेट बाकाच्या जागेपर्यंत गेल्या. जमीन तिथं सगळ्यात खोल जळली होती. त्या बाहेर आल्या आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "टोपलीतनं पेटलं. चिंध्या मीच गोळा केल्या होत्या." अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.

ठरल्या वेळेला तपासनीस आला. पोटाशी फाइल होतीच. गल्लीच्या तोंडाशी तो थबकला, मग हळूहळू पुढं आला, सायकलवाल्याच्या बाकावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. बाईंनीच आणून दिलं.

बाईंनी भरपाई मागितली, तर कंपनीचा नकार आला. त्यात कारणं दोन. एक, जी वस्तू स्वतःच्याच उष्णतेनं आपोआप पेटते तिचं नुकसान विम्यात येत नाही. दुसरं, विमा घेणाऱ्यानं वाजवी काळजी घ्यायची अशी अट आहे. या बाईंना धोका पक्का ठाऊक होता, तरीही त्यांनी तो पत्करला. जागेच्या मालकानं कळवलं की कोर्टात जाणार असाल तर तो निकालापर्यंत थांबेल. निकाल विरुद्ध गेला तर जागा गाड्या धुणाऱ्याला देईल. त्याचंही चूक नव्हतं.

घरात बैठक बसली. बैठक म्हणजे बाई, नवरा आणि बाईंचे धाकटे दीर. दीर मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत कामाला होते आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असायचं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की वहिनींनी पहिल्याच दिवशी तोंड उघडून घोळ घातला. वायरचं नाव सांगायचं होतं. वायर काही कोर्टात येऊन 'मी नाही' म्हणणार नव्हती.

बाई म्हणाल्या, "आणि विजेची बटणं? ती तर शाबूत आहेत, भाऊजी. तुम्ही येऊन जाळणार होतात का?"

वकीलबाई भेटल्या त्या ग्रंथपालांच्या ओळखीतून. वयानं लहान, केस आखूड कापलेले, टेबलावर कागदांचा ढीग आणि त्यावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी ही गोष्ट सांगितली की खरं सांगितलंत ते बरं झालं, एकच गोष्ट सांभाळायला सोपी असते. आग लागली आणि विमा होता, एवढं बाईंनी दाखवायचं. 'हे नुकसान मात्र आम्ही भरत नाही' असं कंपनीला म्हणायचं असेल, तर ते तिला सिद्ध करावं लागेल. आपोआप पेटण्याच्या कलमाची त्यांना फारशी धास्ती नव्हती. आपोआप पेटल्या त्या चिंध्या. बाक, कपाटं, हत्यारं, छप्पर ही काही आपोआप पेटली नाहीत, त्यांच्यापर्यंत आग चालत आली.

"मग चिंध्यांचे पैसे नकोतच मला," बाई म्हणाल्या.

वकीलबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. खरं घोडं अडणार होतं ते दुसऱ्या कारणापाशी. माणूस चुकला म्हणून विमा बुडत नाही, नाहीतर विमा घ्यायचाच कशाला? आगी बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या चुकीनंच लागतात. पण धोका डोळ्यांसमोर दिसत असताना 'होऊ दे काय व्हायचं ते' म्हणणारा माणूस वेगळा. त्याला कोर्ट हाकलून देतं. आणि बाईंना धोका दिसत होता. कंपनीचा वकील हेच धरून बसणार. बाई जितक्या जाणत्या ठरतील तितकी कंपनीची बाजू वजनदार होईल.

सोबत आलेल्या दिरांनी हे ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे, वहिनी. जाणत्या ठरूच नका. मी बापडी, मला काय ठाऊक चिंध्या पेटतात ते. साधं पॉलिश करते, एवढंच म्हणा."

वकीलबाई म्हणाल्या की असं शिकवायला त्या बसलेल्या नाहीत आणि हे संभाषण त्यांच्या खोलीत पुढं चालणार नाही. दीर गप्प झाले, पण घरी जाताना रस्ताभर तेच. खोटं कुठंय, थोडं कमी सांगायचं. शेड परत मिळण्याशी मतलब. बाईंना ते बोलणं मुळीच पटलं नाही असं म्हणता येणार नाही. तेव्हा त्या एका मोठ्या फर्निचर शोरूमच्या कारखान्यात पगारी कामाला लागल्या होत्या. तिथं फवाऱ्यानं पॉलिश मारत. लाकडाला हात लावायची वेळच यायची नाही. एकदा सवयीनं त्यांनी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली, तर देखरेख करणारा म्हणाला, "मावशी, झोप येतेय का?" अशा जागी उरलेला जन्म काढायचा, की 'मला ठाऊक नव्हतं' एवढे तीन शब्द बोलून आपली शेड मिळवायची?

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी."

तो पायाचा अंगठा बघत बसला. मग म्हणाला, "तुला ठाऊक नव्हतं असं मी ऐकलं, तर मी माझं टेबल तुझ्याकडे देणार नाही."

त्या दिवसाची त्याची दहा वाक्यं झालीही नसतील. पण बाईंना तेवढी पुरली.

कोर्टाची खोली उंच छताची होती. पंखा इतका वर, की तो फिरतोय हे फक्त बघून कळायचं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहताच बाईंचा अंगठा आपोआप कठड्यावरून फिरला. कठडा चिकट लागला. पहिला थर वाळायच्या आत घाईनं दुसरा मारलेला. त्यांनी अंगठा पदराला पुसला. न्यायाधीशांनी ते पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही, साहेब. सरकारी काम."

कागद लावणाऱ्या कारकुनाला ठसका लागला. न्यायाधीश वयस्कर होते, चष्म्यावरून बघायची सवय असलेले. त्यांनी एवढंच सांगितलं की कठड्याचा खटला वेगळा चालवू.

कंपनीचे वकील सभ्य होते. आवाज चढवत नव्हते, बाईंना 'आपण' म्हणत होते. त्यांनी विचारलं, आपण हे काम किती काळ करता? बाई म्हणाल्या, कळायला लागल्यापासून. मग वकिलांनी विचारलं, तेलाच्या चिंध्या आपोआप पेटतात हे आपल्याला केव्हापासून ठाऊक आहे?

खोलीत दीर बसले होते. ते खुर्चीच्या टोकावर आले. वकीलबाई समोरच्या कागदाकडे बघत होत्या.

"कामाच्या पहिल्या वर्षापासून," बाई म्हणाल्या. "या धंद्यात दुसरं काही शिकायच्या आधी ते शिकतात."

"म्हणजे त्या संध्याकाळीही ठाऊक होतं."

"होतं."

"तरी आपण चिंध्या एकत्र करून टोपलीत भरल्या, टोपली लाकडी बाकाखाली ठेवली आणि खिडक्या बंद केल्या."

"हो."

दीर खुर्चीत मागे टेकले, संपलं म्हणून. एवढं सरळ उत्तर मिळेल असं कंपनीच्या वकिलांना वाटलं नसावं. मग ते मृदूपणे म्हणाले, "याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचं, बाई?"

"चूक म्हणायचं," बाई म्हणाल्या. "निष्काळजी माणूस चिंध्या चाचपत नाही. त्याला ओल्या काय, वाळलेल्या काय. मी सगळ्या चाचपल्या. जाड होत्या त्या मला फसवून गेल्या. फसायला नको होतं, पण फसले."

वकिलांनी आभार मानले आणि ते बसले. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारायला सुरुवात केली. त्यांनी सांगितलं, त्या संध्याकाळचं बाजूला ठेवा, एरवी रोज काय करत होतात ते सांगा. बाईंनी तार सांगितली, चिमटे सांगितले, झाकणाचा डबा आणि तो दारापाशी का ठेवायचा ते सांगितलं. न्यायाधीश लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशीच वेगळं का केलंत?"

बाईंनी खोलीतल्या मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथं तपासनीस बसला होता. त्यांना त्याचं नाव घेणं जिवावर आलं, हे स्पष्ट दिसत होतं.

"दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब यायचे होते. मागच्या वेळी म्हणाले होते, धुणं घातल्यासारखं दिसतं. म्हटलं, एक दिवस नीटनेटकं दिसू दे."

कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

पुढच्या तारखेला तपासनीसाची साक्ष झाली. तो कंपनीचाच साक्षीदार होता. वकीलबाईंनी त्याला विचारलं, तार पाहिली होती का. पाहिली होती. दरवर्षी पाहिली होती. तिच्यावर नेहमी चिंध्या असायच्या? नेहमी. पसरलेल्या? हो, पसरलेल्या, एकमेकींना न लागणाऱ्या. ती काढा असं आपण म्हणाला होतात? कंपनीचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले, तेवढ्यात तपासनीस बोलूनही गेला. "म्हणालो होतो. ती कशासाठी आहे ते मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही." मग न विचारताच तो पुढं म्हणाला, "मी इतक्या ठिकाणी जातो. त्यांच्या शेडमध्ये मी चहा निवांत प्यायचो. कधी भीती वाटली नाही."

कंपनीच्या वकिलांचं शेवटचं बोलणं मात्र चांगलं झालं. ते म्हणाले, विम्याचा पैसा एकट्या कंपनीचा नसतो, तो हप्ते भरणाऱ्या सगळ्यांचा असतो. जाणत्या माणसानं दिसण्यासाठी म्हणून, फक्त दिसण्यासाठी, रोजची खबरदारी बाजूला ठेवली, तर त्याचा भार इतरांनी का उचलायचा? कुणा तपासनीसाच्या दोन शब्दांनी जाणत्या माणसाची जबाबदारी संपत नाही. हे ऐकताना आरसेबाईंची मान दोनदा हलली, होकारार्थी. वकीलबाईंनी त्यांना कोपर मारलं. नंतर बाहेर आल्यावर त्या रागावल्याही, की मावशी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात? बाई म्हणाल्या, "बरोबर बोलले ना पण ते. हप्ता मीही भरत होते."

निकालाच्या दिवशी बाई शोरूममधून सुट्टी घेऊन आल्या. देखरेख करणाऱ्यानं विचारलं होतं, उद्या येणार ना? निकाल ऐकून सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या.

न्यायाधीशांनी निकालातला महत्त्वाचा भाग वाचून दाखवला, संथपणे, वर्गात धडा वाचतात तसा. आपोआप पेटणाऱ्या वस्तूचं कलम चिंध्यांपुरतं आहे. कंपनीला भरपाईतून सूट देणारं कलम जेवढं बोलतं तेवढंच वाचायचं, ताणायचं नाही. इथं त्यांनी मान वर करून विचारलं की चिंध्यांची किंमत दाव्यात धरली आहे का. वकीलबाईंनी नाही म्हटलं. "जुन्या चादरी होत्या, साहेब," बाई मागून बोलल्या, आणि शिपायानं त्यांना गप्प राहायची खूण केली.

मग काळजीच्या अटीकडे ते वळले. धोका ठाऊक असणं हा दोष नाही, त्यांनी वाचलं. धोका ठाऊक असून त्याची पर्वा न करणं हा दोष. या बाईंनी धोका ठाऊक होता असं शपथेवर सांगितलं, आणि त्याच ज्ञानातून त्या वर्षानुवर्षं रोज खबरदारी घेत होत्या, हे कंपनीच्याच साक्षीदारानं सांगितलं. ज्याला ठाऊकच नाही तो तार कशाला बांधेल? त्या संध्याकाळीही खबरदारी त्यांनी सोडली नव्हती, चिंध्या तपासल्या होत्या, मात्र तपासताना त्या चुकल्या. काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातूनही चूक होते, आणि अशा चुकीसाठीच माणूस विमा घेतो. बेपर्वाई सिद्ध करायची होती ती कंपनीनं. तिनं चूक सिद्ध केली, बेपर्वाई नाही.

शेड, बाक, हत्यारं आणि बाईंच्या मालकीचं सामान यांची भरपाई द्यावी असा आदेश झाला. एक गोष्ट मात्र नाकारली गेली. शेडमध्ये गिऱ्हाइकांची दोन कपाटं आणि एक लिहायचं मेज होतं. विमा बाईंच्या स्वतःच्या मालाचा होता, लोकांच्या मालाचा वेगळा घ्यावा लागतो आणि तो त्यांनी घेतलेला नव्हता. वकीलबाईंनी अपिलाबद्दल विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ते राहू दे, ते कागदात नव्हतंच. तिन्ही गिऱ्हाइकांकडे त्या स्वतः गेल्या. दोघांना नवऱ्यानं नवी कपाटं करून दिली. मेजवाल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नवं मेज घ्यायला नकार दिला. त्यांना जुनंच हवं होतं, आणि ते तर जळून गेलं होतं. त्यांच्या घरासमोरून जाताना बाई अजूनही पाऊल झपाझप टाकतात.

कोर्टाबाहेर पायऱ्यांवर तपासनीस उभा होता. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि म्हणाला की त्याची बदली झाली आहे, आता दुसरा कुणी येईल. बाईंनी त्याला सांगितलं की नव्या माणसालाही चहा मिळेल. एवढं बोलणं झालं आणि तो फाइल पोटाशी धरून निघून गेला. दीर मात्र त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतात, की वहिनींना मी पहिल्यापासून सांगत होतो, खरं बोला, खऱ्याला मरण नाही. बाई ऐकतात आणि नवऱ्याकडे बघतात. नवरा छताकडे बघतो.

मालकानं जागा राखून ठेवली होती. नवी शेड जुन्या शेडपेक्षा हातभर उंच झाली, कारण नवऱ्यानं या वेळी छपराचं काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. शोरूमच्या कारखान्यातून निघताना देखरेख करणारा म्हणाला, मावशी, इथं सावलीत काम होतं, पगार वेळेवर होता, कशाला तो व्याप? बाईंनी त्याला आपला पत्ता दिला आणि घरातलं काही पॉलिश करायचं असेल तर आण म्हणून सांगितलं. तो खरंच आला, आईची जुनी पेटी घेऊन. पैसे कमी करा म्हणाला. केले नाहीत.

विम्याचा कागद आता बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, चष्मा लावून, मोठ्यानं. नवऱ्याला समोर बसवतात आणि कळलं नाही तिथं वकीलबाईंना फोन करतात. वकीलबाई म्हणतात, असा फोन करणारा दुसरा अशील त्यांना आजवर भेटला नाही. लोकांच्या सामानाचा विमाही त्यात आला आहे.

आरसेबाईंची साठी उलटली. गुडघे कुरकुरतात, म्हणून टेबलाखाली शिरण्याऐवजी त्या नवऱ्याकडून टेबल उलटं करून घेतात. सध्या त्यांच्याकडे एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली बाकं आली आहेत. काम महिनाभर चालेल, असं त्या सांगतात.